बंद घड्याळाचा भाव

२०२१ साली 'पाटेक फिलिप' या स्विस कंपनीने आपलं 'नॉटिलस ५७११' बंद केलं आणि शौकिनांनी त्याचा भाव आभाळाला टेकवला. आमची 'एचएमटी जनता' मात्र गरीब! १७ ज्वेलची, रोज चावी मागणारी. २०१६ साली तिच्या कंपनीला टाळं लावायला केंद्राने मंजुरी दिली, अन् मंडळींनी ती खणात ढकलली. म्हणे, मोबाइलात वेळ दिसते! अहो, वेळ तर शिवनेरीच्या सावलीवरूनही कळते. पण तासाला १८,००० ठोके देणारं बॅलन्सचं चाक भिंगातून बघून चिमट्याने बसवणारा कारागीर उद्या नारायणगावच्या बाजारात कुठून आणणार? घड्याळ बंद पडलं तर चालू होतं. कारागिराचा हात बंद पडला की संपलं. तेव्हा खण उघडा, 'जनता' घेऊन त्याच्याकडे जा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या!