कापायलाच चाललंय ना?

आज डुकरांविषयी लिहिणार आहे. ज्यांची जेवणं व्हायची असतील त्यांनी आधी जेवून घ्या, मग वाचा. पाटणकडच्या आमच्या भाऊबंदांना डुक्कर म्हटलं की एकच डुक्कर आठवतं, भुईमूग आणि भात रातोरात नांगरून टाकणारं रानडुक्कर. त्यामुळे 'याला आता डुकरांचा पुळका आला' असा निरोप दोन दिवसांत काकांकडून येणार, हे धरूनच चाललोय. काका, हा लेख रानडुकरांचा नाही. टेम्पोत भरून नेतात त्या पाळीव डुकरांचा आहे. आणि त्यांच्याबरोबर कोंबड्यांचा आणि बकऱ्यांचाही.

भर उन्हाळ्यात, दुपारी एक-दोनच्या सुमारास, एखादी जनावरांनी भरलेली पिकअप हॉटेलसमोर उन्हात उभी असते आणि ड्रायव्हर आत जेवत असतो. हे दृश्य कराड-चिपळूण रस्त्यावर आणि हायवेवर आपण सगळ्यांनी पाहिलंय. कुणी त्याला म्हणालंच, "अरे, निदान सावलीत तरी लाव," तर उत्तर ठरलेलं असतं, "शेवटी कापायलाच चाललंय ना?" आजूबाजूचे हसतात आणि विषय संपतो.

माझं भांडण या चार शब्दांशी आहे. ड्रायव्हरशी नाही, तो तर खेपेवर पोट भरणारा माणूस. ज्या चार शब्दांनी आपण सगळे हात झटकतो त्यांच्याशी आहे.

आधी डुकराची अडचण समजून घेऊ. माणूस घामाने थंड होतो. डुकराच्या कातडीत कामाच्या घामग्रंथी जवळजवळ नसतातच. म्हणून ते चिखलात लोळतं. आपण त्याला घाणेरडं म्हणतो, पण चिखल हा त्याचा पंखा आहे. अंगावरचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणजे जे काम आपला घाम करतो तेच. टेम्पोत चिखल नसतो. तिथे उरतं फक्त धापा टाकणं. बरं, शंभर किलोचं एक डुक्कर नुसतं उभं राहिलं तरी अंदाजे दोनशे वॅट उष्णता बाहेर टाकतं. जुने शंभर वॅटचे पिवळे बल्ब आठवतात? एका डुकरामागे तसले दोन धरा. वीस डुकरांचा ट्रक म्हणजे चाळीस बल्ब पेटवून ठेवलेली पेटी, आणि वर पत्रा किंवा काळी ताडपत्री.

गाडी चालू असते तोवर वारा लागतो आणि ही उष्णता निघून जाते. गाडी थांबली की वारा थांबतो, बल्ब मात्र चालूच राहतात. म्हणून जनावरं चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीत जास्त मरतात. तासवड्याच्या टोलनाक्यावरची रांग, कराडमधली कोंडी, कुंभार्ली घाटात एखादा ट्रक आडवा झाला की मागे लागणारी गाड्यांची शेपटी, या आपल्यासाठी कटकटी आहेत. मागच्या हौद्यात असणाऱ्यासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

घाटाची आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कराड-पाटणचा उन्हाळा कोरडा. घाट उतरून चिपळूणच्या बाजूला गेलात की पारा कदाचित दोन अंशांनी कमीच दाखवेल, पण हवा दमट. धापा टाकून थंड होणाऱ्या जनावराचं सगळं गणित ओलावा वाळण्यावर चालतं, आणि दमट हवेत काही वाळत नाही. आपल्याला जसं तिथे नुसतं चिकचिकतं तसंच, फक्त त्याला शर्ट काढून पंख्याखाली बसता येत नाही. म्हणजे 'खाली कोकणात ऊन कमी आहे' म्हणून निश्चिंत होणाऱ्याने नेमकी उलटी समजूत करून घेतलेली असते.

आता कायदा. कायदा नाही असं कुणी म्हणू नये, भरपूर आहे. जनावरांच्या वाहतुकीचे केंद्र सरकारचे नियम १९७८ चे. २००१ मध्ये त्यात कोंबड्या आणि डुकरांची प्रकरणं घातली गेली. साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये डुकरं वीसपेक्षा जास्त नकोत, शेळ्यामेंढ्या चाळीसपेक्षा जास्त नकोत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पुढे मोटार वाहन नियमांत एका डुकराला ०.६ चौरस मीटर आणि एका शेळीला ०.३ चौरस मीटर जागा असं मापही आलं. आपल्या साध्या पिकअपचा हौदा साडेआठ फूट बाय साडेपाच फूट धरला तर होतात साधारण सव्वाचार चौरस मीटर. म्हणजे सात डुकरं किंवा चौदा शेळ्या. पुढच्या वेळी एखादी पिकअप दिसली की सहज मोजून बघा. मी मोजणं सोडून दिलंय, कारण पाय आणि डोकी वेगळी करता येत नाहीत.

कोंबड्यांची तर आणखी गंमत. नियम म्हणतो की तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असेल तर कोंबड्यांची वाहतूकच करू नये. पेट्या एकावर एक रचू नयेत, हेही त्यातच आहे. हा नियम अक्षरशः पाळायचा तर आपल्याकडे मार्च ते मे दिवसा एकही कोंबडी हलणार नाही. मे महिन्यात कोकणात तर रात्रीही पारा पंचविसाच्या आसपासच घुटमळतो. जो नियम पाळणं जवळजवळ अशक्य तो कुणीच पाळत नाही. मग बाजूचा सहज पाळता येण्याजोगा नियमही कुणी पाळत नाही. दिल्लीत बसून लिहिलेल्या कागदाचं हे असं होतं.

आणि मोडला तर शिक्षा काय? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. साठ साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज त्यात हॉटेलवरची एक मिसळही येत नाही.

पण सगळं खापर कायद्यावर फोडून चालणार नाही. कायदा तुम्हाआम्हाला जेवढी लाज वाटते तेवढाच चालतो. आणि आपली लाज मोठी निवडक आहे. गाय म्हटली की रस्ता अडवायला पन्नास माणसं धावतात. डुकरासाठी कुणी मान वळवत नाही. कारण डुक्कर अस्वच्छ, आणि ते पाळणारी वडार-कैकाडी माणसं आपण पिढ्यानपिढ्या गावाच्या कडेला ठेवलेली. त्यांचं जनावर वाटेत मेलं तर विमा नाही, भरपाई नाही, बातमीही नाही. ज्यांच्या गोठ्यातल्या म्हशीला ताप आला तर डॉक्टरला गाडी पाठवून आणतात, तेच लोक या माणसाच्या नुकसानीवर 'कापायलाच चाललं होतं ना' म्हणतात. इथे प्राण्याविषयीची बेफिकिरी आणि माणसाविषयीची तुच्छता यांत फरक करणं मला तरी जमत नाही.

आणि गाड्या अडवणाऱ्यांनाही एक सांगायचंय. जनावरांचा ट्रक मे महिन्याच्या दुपारी अडवून, उन्हात उभा करून, चार-चार तास घोषणा आणि पंचनामा चालतो तेव्हा आतल्या जनावरांना कुणी वाचवत नसतं. उभ्या गाडीत काय होतं ते वर लिहिलंच आहे. खरंच कळवळा असेल तर पहिलं काम गाडी सावलीत घेणं, दुसरं पाणी, आणि तिसरं भाषण.

आता नेहमीचे आक्षेप.

एक, 'हे सगळं परवडत नाही.' उलट आहे. वाटेत मेलेलं जनावर कुणालाच परवडत नाही. जगलेलंही उन्हाने आणि धापांनी वजन घटवून पोचतं. धसका आणि उष्णता सोसून आलेल्या डुकराचं मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणी सुटणारं निघतं, हे मांसविज्ञानाच्या पुस्तकांत कित्येक वर्षांपूर्वीच येऊन गेलंय. ही तूट व्यापारी आधीच धरतो आणि पाळणाऱ्याला दर कमी देतो. म्हणजे उन्हाची किंमत शेवटी भरतो तो गरीबच, फक्त त्याची पावती कुणी फाडत नाही.

दोन, 'इथे माणसांची सोय नाही आणि तुम्हाला जनावरांची पडलीय.' ऊसतोडीची कुटुंबं ट्रॉलीत बसून येतात हे मलाही दिसतं. पण त्यांचे हाल डुकरांना उन्हात ठेवून कमी होतात का? गाडी सावलीत लावल्याने कुठल्या माणसाच्या तोंडचा घास जातो? हा आक्षेप घेणारे माणसांसाठीही सहसा काही करत नसतात, हा माझा अनुभव.

तीन, आपले चार शब्द. कापायलाच चाललंय, मान्य. मी स्वतः मांसाहारी आहे, सोवळेपणाचा आव आणत नाही. पण मरण ठरलेलं असलं म्हणून वाटेतले आठ तास कसेही चालतील हे कुठलं तर्कशास्त्र? तसं म्हटलं तर आपण सगळे तिकडेच चाललोय. आपल्याला मात्र खिडकीची सीट लागते. उलट मी म्हणेन, ज्याचा जीव आपण घेणार त्याच्या शेवटच्या प्रवासाची जबाबदारी आपल्यावर जास्त आहे.

बरं, करायचं काय? यातलं काहीच रॉकेटशास्त्र नाही. सूर्य मावळल्यावर भरा, सकाळचं ऊन चढायच्या आत पोचा. ब्रॉयलरवाले बरेचदा रात्रीच पक्षी उचलतात आणि पहाटे दुकानात पोचवतात, म्हणजे जमतं. निघण्याआधी काही तास खाणं बंद, पण पाणी शेवटपर्यंत. डुकरांना चढवण्याआधी पाण्याने भिजवा आणि हौद्यात ओली वाळू किंवा ओला भुसा टाका. थंडीत वाळलेलं गवत ठीक, उन्हाळ्यात ते ऊब धरतं. तापून आडव्या झालेल्या डुकरावर मात्र गार पाण्याची बादली एकदम ओतू नका, त्याने ते दगावू शकतं. पायांपासून हळूहळू भिजवा आणि वारा द्या. अनोळखी कळप एकत्र कोंबू नका, ती भांडतात आणि भांडून तापतात. चढवायला उतरती फळी ठेवा, काठ्यांनी पळवू नका. वर सावली, पण बाजू उघड्या. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन जनावरं कमी भरा. थांबायचंच असेल तर झाडाखाली आणि थोडाच वेळ. आणि ड्रायव्हरला नुसते खेपेचे पैसे देण्याऐवजी सगळी जनावरं धड पोचली तर वर शंभर-दोनशे रुपये द्या. बघा मग, कुठला परिपत्रक करणार नाही एवढं काम ते दोनशे रुपये करतील.

सरकारकडूनही फार मोठी मागणी नाही. जनावरांच्या गाडीला टोलनाक्यावर थांबवून ठेवू नका. आटपाडीसारख्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात गाड्या उभ्या राहतात तिथे सावली आणि पाण्याचा नळ द्या. आणि घाई आहे. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ मध्ये ती जूनच्या अखेरीस होती, २०२५ मध्ये ७ जूनला. येती काही वर्षं ती ऐन मे आणि एप्रिलमध्ये येणार. म्हणजे देवनारकडे बकऱ्यांच्या गाड्यांची वर्षातली सगळ्यात मोठी रीघ वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात लागणार. हे कॅलेंडर आजच छापलेलं आहे. नंतर 'अचानक उष्णतेची लाट आली' म्हणू नका.

बदल होतो का? होतो. ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातून आखातात निघालेल्या 'अवासी एक्सप्रेस' जहाजावर सुमारे २४०० मेंढ्या उष्णतेने मेल्या. जहाजावरच्याच एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याने केलेलं चित्रीकरण २०१८ मध्ये तिथल्या टीव्हीवर दिसलं. आधी ऐन उन्हाळ्यातल्या फेऱ्या बंद झाल्या, आणि २०२४ मध्ये कायदा झाला की १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यातच बंद. त्या मेंढ्याही कापायलाच चालल्या होत्या. पण एकाने कॅमेरा धरला आणि बाकीच्यांना लाज वाटली.

पाटणच्या माणसांना तर हे वेगळं सांगायलाच नको. आपल्या तालुक्यातली किती घरं मुंबईत पाठीवर पोती वाहून उभी राहिली! अण्णासाहेब पाटील याच मातीतले. ओझं वाहणाऱ्यालाही शरीर असतं, आणि त्या शरीराच्या सोसण्याला हद्द असते, हे साधं वाक्य सरकारदरबारी मान्य व्हायला १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. तोही आपोआप आला नाही, माणसं एकत्र आली, रस्त्यावर उतरली तेव्हा आला.

डुकरांना युनियन काढता येत नाही. तेवढं एक काम आपल्याला करावं लागेल. सुरुवात म्हणून, पुढच्या वेळी कुणी ते चार शब्द म्हणाला तर निदान हसू नका. गाडी सावलीत घ्यायला सांगा.