क्षयनिदानाची नवी साधने कोणाच्या हाती?

नेहरू नगर, भिलाई : रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गरीब देशांतील निदान मुख्यतः रोग्याने खोकून काढलेल्या बेडक्यावर आणि सूक्ष्मदर्शकावर विसंबून राहिले. या पद्धतीत एका मिलिलिटर बेडक्यात सुमारे ५ ते १० हजार जंतू असल्याखेरीज ते नजरेस पडत नाहीत. बेडका काढू न शकणारी लहान मुले, हाडांच्या वा मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचे रोगी, एचआयव्हीने क्षीण झालेली माणसे या चाळणीतून निसटतात. मुलांच्या पोटात नळी घालून जठरातील द्रव काढण्याची पाळी येते.

म्हणूनच लघवी, श्वास, जिभेवरील लेप वा रक्ताचा थेंब यांतून सक्रिय क्षयाची खूण शोधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ‘सक्रिय’ हा शब्द येथे निर्णायक आहे. जगातील सुमारे एक-चतुर्थांश लोकांना या जंतूचा संसर्ग झालेला असतो. परंतु त्यांपैकी ५ ते १० टक्केच पुढे आजारी पडतात. ट्युबरक्युलिन चाचणी संसर्ग सांगते, आजार सांगत नाही. जंतूच्या आवरणातील लायपोअरॅबिनोमॅनन हा पदार्थ लघवीत शोधणारी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली एचआयव्हीबाधितांसाठी मान्य केली. इतर रोग्यांत तिची नजर अद्याप अपुरी आहे.

विज्ञानाची ही वाटचाल स्वागतार्ह आहे. प्रश्न आहे तो विज्ञानाच्या मालकीचा. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या आपल्या देशात वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. त्यांचे निष्कर्ष बेभरवशाचे होते. निरोग्यास औषधे दिली गेली, रोगी औषधाविना राहिला, आणि प्रयोगशाळांचे गल्ले मात्र भरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्यांविरुद्ध स्पष्ट शिफारस केली आणि २०१२ साली भारत सरकारला बंदी घालावी लागली. बाजाराला खरे-खोटे कळत नाही, त्याला खपच कळतो.

खऱ्या शोधाचीही तीच कथा. जीनएक्स्पर्ट या जंतूच्या जनुकांवरून निदान करणाऱ्या यंत्राच्या विकासासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा खर्च झाला. तरीही गरीब देशांसाठी त्याच्या एका चाचणीची किंमत २०१२ पासून २०२३ पर्यंत ९.९८ डॉलरवर रोखून धरली गेली. २०२३ साली जागतिक दडपण वाढले तेव्हा ती ७.९७ डॉलर झाली. जनतेने खर्च सोसावा आणि मक्तेदाराने नफा घ्यावा, हाच या व्यवस्थेचा न्याय!

१९५५ च्या सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाईत हा प्रश्न दूरचा नाही. कायम कामगाराला कारखान्याच्या वैद्यकीय सेवेचा आधार असतो. कंत्राटी कामगाराच्या लेखी दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्यातच सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना क्षयाचे भक्ष्य बनविते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६३.६ टक्के लोक उपचारासाठी कोठेच गेले नव्हते. त्यांना बेजबाबदार ठरविणे सोपे आहे. त्यांची मजुरी भरून देणे सोपे नाही.

दुसरा मार्ग याच भूमीने दाखविला आहे. दल्ली राजहऱ्याच्या खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीने व श्रमाने शहीद रुग्णालय उभारले. विचारप्रवाह भिन्न असला, तरी श्रमिकांच्या संघटनेचे हे सामर्थ्य आपण मान्य केले पाहिजे.

आणि निदानानंतर काय? झारखंडमधील अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले : रोग्याच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. क्षय हा जंतूचा रोग आहे, तसाच तो भुकेचाही रोग आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात : बेडक्याविना होणाऱ्या चाचण्यांचे संशोधन व उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात व्हावे, प्रत्येक चाचणी वस्तीत व कामाच्या फाटकावर मोफत मिळावी, कंत्राटी कामगाराला तपासणीच्या दिवसाची भरपगारी रजा व उपचारकाळात मजुरी मिळावी, संपूर्ण कुटुंबाला शिधा मिळावा. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकांत वेतनाच्या जोडीने या मागण्यांना स्थान दिले पाहिजे. लघवीच्या थेंबातून रोग ओळखणारे विज्ञान उद्या येईल. ते श्रमिकाच्या दारी यावे यासाठी लढा आजच उभारावा लागेल.