मॅशिंगला हसू नका!

'मॅशिंग' हा शब्द वर्गात निघाला की मागच्या बाकावर हमखास खसखस पिकते. बिअर! मग सगळेच हसून पुढचं पान उलटतात. मला मात्र हसू येत नाही. मी ढाणकीचा. माझा मामा दारूनेच गेला. तरीही मी म्हणतो, ते पान उलटू नका.

मुळात मॅशिंग म्हणजे दारू नव्हे. दारू पुढे यीस्ट करतं. मोहाच्या फुलांत साखर आयतीच असते, धान्यात मात्र स्टार्च असतो. मोड आणून वाळवलेल्या धान्यातली एन्झाइम्स गरम पाण्यात त्या स्टार्चची साखर करतात, एवढंच मॅशिंग. ६२ ते ६५ अंशांना साखर जास्त सुटते, ७० च्या आसपास रस दाट राहतो, ८० च्या पुढे एन्झाइमचा खेळ खलास.

दिवाळीच्या सुट्टीत घरी करून पाहिलं. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून आईकडून आधी ज्वारीच्या कण्या शिजवून घेतल्या. ६५ अंशांपर्यंत निवल्यावर त्यात मोड आणलेल्या गव्हाचं पीठ कालवलं. चमचा उभा राहील अशा घट्ट कण्या पंधरा मिनिटांत पातळ झाल्या, तासाभरात गोड. वरून साखर कणभर नाही!

मग फडक्यातून गाळून चोथ्यावर गरम पाणी ओतलं. हेच स्पार्जिंग. चिंचेचा कोळ काढताना आई पाणी एकदम ओतत नाही, थोडं थोडं घालते. तेवढ्याच पाण्याचे दोन हप्ते केले की जास्त निघतं, हे आपण मास ट्रान्सफरच्या पेपरात गणित मांडून सिद्ध करतो! बार्ली असेल तर पाणी ७७ अंशांच्या आत हवं, नाहीतर टरफलाचा तुरटपणा उतरतो.

यीस्टबद्दल सांगायला लागलो तशी आई म्हणाली, "बस कर बाबू, इथंच थांब." थांबलो. परवान्याशिवाय घरी दारू करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हाच आहे. आमच्या घरात तो कायदा मामाच्या तेराव्यालाच झाला होता. रस उकळून आजीला वाटीभर दिला. दात नसलेल्या आजीने तो मिटक्या मारत संपवला.

पाणी न वाढवता पातळ होणारं अन्न म्हणजे त्याच वाटीत जास्त धान्य. लहान पोरांना, आजाऱ्यांना याहून काय हवं? नाचणी सत्त्वामागेही हेच शास्त्र आहे. दारूचा विषय म्हणून आपण हसून सोडून दिलं, तर हे ज्ञान फक्त दारूवाल्यांकडेच राहील. मग हसणार कोण?