कॅसेट भंगारात देण्याआधी

दिवाळीची आवराआवर निघाली आणि माळ्यावरून कॅसेटींचा खोका खाली आला, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, टाकून द्या, वाजवायला आता आहे काय? दुसरा म्हणतो, असू द्या, आठवण आहे. वाद अर्धवट राहतो, खोका धूळ पुसून परत वर जातो आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा खाली येतो. माझा सल्ला दोन्ही पक्षांना पटणार नाही. त्यातल्या बहुतेक कॅसेटी खुशाल टाका. पाच-सात निघतील त्या मात्र टाकू नका, आणि नुसत्या जपूनही ठेवू नका. यंदाच त्यांतला आवाज काढून घ्या.

टाकायच्या कोणत्या, तर विकत आणलेल्या. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली पहिल्यांदा प्रसारित झालं, ते आज कुणाच्याही मोबाइलवर मिळतं. लताबाई, भीमसेनजी, वसंतराव यांच्या आवाजाची काळजी वाहायला कंपन्या आणि रसिक समर्थ आहेत. तुमच्या आजीचा आवाज मात्र जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे तो खोका.

घरात टू-इन-वन आला त्या दिवसांत हौसेला मोल नव्हतं. लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबायचं, आणि मग कुणीतरी घसा खाकरून ‘बोलू का?’ असं विचारायचं. बारशाचा पाळणा, मुंजीतली मंगलाष्टकं (ती बहुतेक कवी असलेल्या एखाद्या मामांनी रचलेली, शेवटच्या कडव्यात सगळ्या नातेवाइकांची नावं कोंबलेली), गल्लीतलं भजनी मंडळ, आजोबांनी नातवंडांकडून घोकून घेतलेली पावकी-निमकी. आखातात नोकरीला गेलेली माणसं पत्र लिहायच्या ऐवजी कॅसेटवर बोलून ती येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवत. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत मावणार नाही ते सगळं त्यात असे.

आता खोका उघडलात तर वरच्या लेबलवर विश्वास ठेवू नका. कोरी कॅसेट महाग वाटायची म्हणून जुन्या सिनेमाच्या कॅसेटवरच घरातलं रेकॉर्डिंग करायची पद्धत होती. विकतच्या कॅसेटवर चुकून काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून तिच्या मागच्या कडेला दोन खाचा असतात. त्यांवर चिकटपट्टी लावली किंवा कागदाचा बोळा कोंबला, की लाल बटण दाबलं जायचं. म्हणून प्रत्येक कॅसेटची मागची कड बघा. एखाद्या सिनेमाच्या कॅसेटच्या खाचेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी दिसली, की समजा आत कुणीतरी बोलतंय. ती वेगळी काढा. वाजवण्याआधी ती चिकटपट्टी सोलून टाका. कोऱ्या कॅसेटची तिथली प्लास्टिकची चिमुकली पट्टी शाबूत असेल तर ती मोडा. म्हणजे नातवानं कौतुकानं लाल बटण दाबलं तरी पणजी पुसली जाणार नाही.

दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकायच्या, हेही आत्ताच सांगून ठेवतो. गाणी संपल्यावर उरलेल्या रिळावर पाच मिनिटं घरातलं काहीतरी टेपलेलं असतं, आणि नेमकं तेच ऐकण्यासारखं असतं.

घाई कशासाठी? कॅसेट ही वस्तू फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बाजारात आणली ती मुळात बोलणं टिपण्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्यासाठी नव्हे. रीळ चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ते साधारण ८६ मीटर भरतं. प्लास्टिकच्या त्या पातळ फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो आणि आवाज त्या लेपात असतो. लेप सुटला की आवाज गेला. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट घरात रिळावर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट मुळीच वाजवू नका. ती बुरशी आधी तुमच्या मशीनच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर. अशी कॅसेट जाणकारालाच द्यावी. त्यातही १२० मिनिटांच्या कॅसेटी जपून हाताळा. जास्त मावावं म्हणून त्यांचं रीळ आणखी पातळ केलेलं असतं, आणि ते ताणलं जातं, अडकतं.

खरी अडचण रिळापेक्षा मशीनची आहे. जुन्या टेपमधले रबरी बेल्ट सैल पडलेले असतात, काहींचा तर डांबरासारखा चिकट लगदा झालेला असतो. दुरुस्ती येणारी माणसं कमी होत चालली आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, तुमच्या गावात बसस्टँडसमोरच्या एखाद्या टपरीत अजून कुणीतरी असेल. त्याच्याकडून बेल्ट बदलून घ्या, हेड साफ करून घ्या. कॅसेट घातली की थेट लॅपटॉपला जोडता येणारी स्वस्त यंत्रं ऑनलाइन मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याचशांचा वेग डळमळतो. दुरुस्त केलेला जुना टेप त्यांच्यापेक्षा बरा, असं माझं मत.

टाकायच्या ढिगातली एक कॅसेट इथे कामाला येते. त्यातलं एखादं गाणं टेपवर लावा आणि तेच गाणं मोबाइलवर त्याच क्षणी सुरू करा. दोन कडवी दोन्ही बरोबर चालली तर टेपचा वेग ठीक. टेप मागे पडत असेल, गायिकेचा आवाज जाड येत असेल, तर बेल्ट अजून सैल आहे. ही परीक्षा न घेता आजीची कॅसेट लावलीत, तर आजी आजोबांच्या आवाजात बोलेल आणि तुम्हाला वाटेल, तिचा आवाज असाच होता.

पुढचं काम सोपं आहे, वेळखाऊ मात्र आहे. वर्षानुवर्षं न हललेली कॅसेट आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्या. रीळ ढिलं असेल तर बॉलपेन किंवा षटकोनी पेन्सिल घालून हातानं गुंडाळा, ती कला घरातल्या पन्नाशीच्या माणसांना येतेच. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडायची. लॅपटॉपला आवाज आत घेणारं भोक नसलं तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. टेपचा आवाज मध्यम ठेवा आणि पडद्यावरची पट्टी लाल होऊ देऊ नका, कारण फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. विजेवर टेप घूं-घूं करत असेल तर सेल घालून बघा. एक तासाच्या कॅसेटला एक तास लागतो, त्याला इलाज नाही. भाजी निवडत ऐका.

फाइल ‘वेव्ह’ प्रकारात साठवा. सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण दहा एमबी खातं, म्हणजे तासाला सहाशे. आजकालच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही. नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री करा, पण मूळ फाइल तशीच ठेवा. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे. आणि पहिला हात एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर साफ करून घ्या, कारण जीर्ण रिळाची एखादी फेरी शेवटचीही ठरू शकते.

सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढायची सोय असते. तरुण मंडळींना तिचा फार मोह होतो. मूळ फाइलला हात लावू नका, फार तर प्रत काढून तिच्यावर प्रयोग करा. मागे कुकरची शिट्टी वाजते, फेरीवाला ओरडतो, कुणीतरी ‘अगं, दूध बघ’ म्हणतं, हा कचरा नव्हे. घर कसं होतं ते मुख्य बोलण्यापेक्षा या मागच्या आवाजांतूनच जास्त कळतं.

आणि आता जे सांगतो ते लोक नेमकं विसरतात. फाइल झाली म्हणजे काम झालं असं नाही. ‘टेप ०१’ नावाच्या फाइलमध्ये चार बायका हसताहेत, पण त्या कोण, ते तीस वर्षांनी कुणाला कळणार? घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला शेजारी बसवून ऐका. आत्या म्हणेल, हा तर आमच्या सोलापूरच्या काकूचा आवाज, आणि मग काकूची गोष्ट सुरू होईल. त्या वेळी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. कॅसेटमध्ये असेल त्याच्या दुप्पट ऐवज या गप्पांत मिळतो. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग प्रसंग, मग माणसं. वर्ष नक्की ठाऊक नसेल तर ‘सुमारे’ लिहा.

घरगुती आवाज म्हणजे किरकोळ गोष्ट, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण बघावं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांना घेऊन बायकांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. कितीतरी ओव्या बायकांच्या आवाजात टेपही झाल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि दळता दळता गाण्याचं निमित्तच संपलं. त्या ओव्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. गाणाऱ्या बायका काही नामांकित गायिका नव्हत्या. कुणाची आजी, कुणाची सासूच होत्या. तुमच्या खोक्यात अशी एखादी ओवी निघाली तर पहिल्या कडव्यावर थांबू नका, पूर्ण उतरवून घ्या.

व्हिडिओ कॅसेटींनाही हेच लागू, फक्त त्यांचं काम घरी होण्यासारखं नसतं. दुकानात द्यावं लागतं. आधी एकच देऊन बघा आणि मूळ कॅसेट परत मागून घ्या.

मोबाइलवाल्यांनी मात्र गालात हसू नये. वडिलांनी पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज तुम्ही कुठे ठेवलेत? फोन हरवला, बॅकअप नव्हता, की तेही गेले. ‘पोचलो’, ‘औषध घेतलंस का’, एवढंच त्यात असेल. त्यांतले दहा-बारा निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आज रात्री होईल.

एक पथ्य पाळा. टेप चालू असताना माणसं भांडलेली असतात, कुणाच्या लग्नाच्या देण्याघेण्यावर बोललेली असतात. सगळं ऐकून झाल्याशिवाय कुटुंबाच्या ग्रुपवर काहीही टाकू नका. आणि गेलेल्या माणसाचा आवाज असेल तर तो त्याच्या बायकोला, आईला असा अचानक पाठवू नका. दुपारच्या वेळी फोनवर काकांचा आवाज वाजला तर काकूचं काय होईल, याचा विचार करा. आधी फोन करून सांगा की असं असं सापडलंय, ऐकायचंय का. काहीजणी नको म्हणतील. त्यांना वर्षभरानं पुन्हा विचारा. तोवर फाइल तुमच्याकडे राहू द्या.