आईच्या ओटीतली भाजी

यंदा १४ एप्रिलला आमच्या वस्तीत रक्तदान शिबिर घेतले. दरवर्षी तरुण पोरेच पुढे असतात. या वेळी बायकांनीही नावे द्यावीत म्हणून आम्ही कार्यकर्ते घरोघर फिरलो. त्या आल्याही. पण बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन तपासले आणि निम्म्याहून अधिक जणींना परत पाठवावे लागले. रक्त द्यायला किमान १२.५ ग्रॅम लागते. कुणाचे १० भरले, कुणाचे ९. एक वहिनी हसत म्हणाल्या, "भावजी, आम्हालाच कुणीतरी रक्त द्या की!" त्या हसल्या, मला मात्र हसू आले नाही.

हे दुखणे आपल्याच वस्तीचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाळी, बाळंतपणे, जंत, अर्धपोटी राबणे अशी त्याची कारणे पुष्कळ. पण आपल्या ताटातून पालेभाजी उठली, हेही त्यात धरावे असे मला वाटते.

आमची आई उसाच्या भांगलणीला जायची. दिवस मावळता घरी आली की ओटीत काहीतरी असायचेच. घोळ, तांदळी, कधी कुरडू, कधी पात्री. मालकाच्या लेखी ते तण, आमच्या लेखी कालवण. पैसा एक पडत नव्हता. शाळेत मात्र मी डब्याचे झाकण आडवे धरून ती भाजी खायचो, कारण "पाला खातोय" म्हणून पोरे चिडवायची. आज त्याच पाल्याला 'रानभाजी' म्हणतात आणि पावसाळ्यात तिचे महोत्सव भरतात. भरू देत. पण ती भाजी खुडून आणणाऱ्या बाईच्या घरातून ती गेली, त्याचे काय?

ती गेली कशी, तेही सांगतो. उसात आता भांगलणीऐवजी तणनाशक मारतात. बायकांचा रोजगार बुडाला आणि त्याबरोबर ओटीतली भाजीही. आता बांधाला कुठे घोळ दिसली, तरी फवारा कधी मारला हे ठाऊक नसेल तर खुडू नका. गटाराकाठची तर नकोच.

म्हणजे विकत घेणे आले. मी पडलो बी.कॉम., हिशेबाशिवाय चैन पडत नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला दिवसाला १०० ग्रॅम पालेभाजी सांगते. चार माणसांच्या घराला चारशे ग्रॅम, म्हणजे निवडून साधारण दोन पेंड्या. लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मार्केटात हंगामात दोन पेंड्यांना टपरीवरच्या दोन-तीन चहांएवढेच पैसे पडतात. तो चहा तर आपण रोजच पितो.

आमच्या घरी पोकळा असा होतो. भाजी निवडताना कोवळे देठ टाकायचे नाहीत. दोन-तीन पाण्यांनी आधी धुवायची, मगच चिरायची. चिरून धुतली की तिचे सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, सात-आठ लसणाच्या पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, कांदा. भिजवलेली मूठभर मूगडाळ परतून घ्यायची, वर भाजी टाकायची. पाणी घालायचे नाही, तिचे तिलाच सुटते. मीठ भाजी बसल्यावर, नाहीतर खारट होते. मी स्वतः दोनदा केली आहे! डाळ बोटाने दबली की शेंगदाण्याचे कूट भुरभुरायचे आणि लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. लोखंडात राहिली तर काळी पडते. खाताना वर लिंबू पिळायचे. पाल्यातले लोह अंगी लागायला जड असते, लिंबाने ते सोपे होते. उलट जेवण झाल्या झाल्या घेतलेला चहा ते अडवतो. तासभर थांबा.

तांदळी, माठ, राजगिरा याच रीतीने होतात. चाकवताचे मात्र ताक घालून गरगट्टंच करावे, त्याला दुसरी चव नाही. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी पालक आणि घोळ डॉक्टरांना विचारूनच खावी.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नऊवर आलेले रक्त नुसत्या भाजीने बारावर जात नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. शी काळी होते, पोटात मळमळते म्हणून बायका त्या मध्येच सोडतात आणि पाकीट फळीवर पडून राहते. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका.

राहिला प्रश्न वाढण्याचा. भाजी शिजली तरी ती कुणाच्या ताटात पडते? आधी आम्ही पुरुष, मग पोरे, आणि कढई पुसून घ्यायला घरची बाई. आमच्याकडेही वर्षानुवर्षे हेच चालले होते आणि सभेत समतेवर बोलणाऱ्या मला ते कधी दिसले नाही. शिबिरानंतर आता भाजी उतरली की आधी चार वाट्या भरून ठेवतो. चौथीला कुणी हात लावायचा नाही. पत्नी पहिले काही दिवस म्हणायची, "असू दे, पोराला वाढा." आता म्हणत नाही.

त्या हसणाऱ्या वहिनींनी गोळ्या सुरू केल्या आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले आहे.