नावनोंदणीची घाई, निभावण्याची वानवा

महाविद्यालयाचे नवे वर्ष सुरू होताच राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, नाट्य मंडळ अशा सर्वत्र नावे नोंदविण्याची घाई सुरू होते. हिशेब असतो तो प्रमाणपत्रांचा. प्रत्यक्षात १९६९ पासूनच्या सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर अपेक्षित आहे. छात्रसेनेचे 'सी' प्रमाणपत्र परीक्षेविना मिळत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी तर संध्याकाळीच गिळून टाकतात. राज्यात १९९४ च्या कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. थेट निवडणुकीची तरतूद परतली ती २०१६ च्या कायद्यात. मधल्या काळात नेतृत्वाचे धडे गिरवायला ही मंडळेच उरली होती. त्यामुळे तीन ठिकाणी नावापुरते राहण्यापेक्षा एकच मंडळ निवडून ते निभावणेच विद्यार्थ्याच्या हिताचे ठरेल.