मराठी माहितीपुस्तिका आणि संगणक

ओझरच्या विघ्नहराच्या जुन्नर तालुक्यात खोडदची जगद्विख्यात रेडिओ दुर्बीण आहे. तेथल्याच द्राक्षबागायतदाराला फवारणीची माहितीपुस्तिका मात्र सुबोध मराठीत क्वचितच लाभते. ती लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला संगणक शिकविणे म्हणजे टंकवेग वाढविणे नव्हे. जुन्या फाँटांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत; त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर मजकुराचा निव्वळ चिन्हकल्लोळ होई. युनिकोड १९९१ पासून उपलब्ध आहे. तेव्हा इन्स्क्रिप्ट कळफलक आधी शिकवावा, सजावट (जिचे कौतुक फार होते) मागाहून. आवृत्त्यांची दिनांकवार नोंद ठेवण्याची शिस्त मात्र पहिल्याच सत्रात हवी. औषधाची मात्रा सुधारल्यावरही जुनीच प्रत छपाईला गेली, तर एका दशांशचिन्हापायी सबंध बाग करपू शकते.